बर्बर गालिचे

आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांची कन्या अमेरिकेंत असते. तिनें तेथें नुकतेंच घर घेतलें. घर दाखविणाऱ्या दलालानें निजावयाच्या खोल्यांकडे बोट करून ‘येथें बर्बर गालिचा अंथरलेला आहे’ असें मोठ्या प्रौढीनें सांगितलें. हा गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीस चिकटविलेला, सायीच्या रंगाचा, मधून मधून तपकिरी ठिपके असलेला. पुढें त्याच मुलीनें एका दुकानांत दुसराच एक ‘बर्बर गालिचा’ पाहिला. तो हातांनीं विणलेला, लांब केसांचा, पांढऱ्या लोंकरीवर काळ्या रेघांचीं वांकडींतिकडीं शंकरपाळीं असलेला. आणि त्याची किंमत ऐकून ती मुकाट्यानें बाहेर आली. भगिनींनीं विचारिलें आहे कीं, हे दोन्ही बर्बर कसे? आणि बर्बर म्हणजे तरी कोण?

प्रश्न दोन ओळींचा आहे. उत्तर मात्र मोरोक्कोच्या डोंगरांतून निघून अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यांतील गिरण्यांपर्यंत जातें.

आधीं नांवाचें पाहूं. संस्कृत शिकलेल्या वाचकांस बर्बर हा शब्द अपरिचित नाहीं. महाभारताच्या सभापर्वांत नकुल पश्चिमेच्या दिग्विजयास निघतो, तेव्हां त्यानें जिंकलेल्या लोकांत पह्लवांच्या जोडीला बर्बरही आहेत. कोशांत ह्या शब्दाचा तोतरें, अडखळत बोलणारा असाही अर्थ आढळतो. ग्रीकांचा ‘बार्बारोस’ हा शब्द ह्याचाच भाऊबंद. ज्याचें बोलणें आपणांस कळत नाहीं, ज्याच्या तोंडून केवळ ‘बर् बर्’ असा आवाज कानीं पडतो, तो बार्बारोस. आपला म्लेच्छ शब्दही अर्थानें ह्याच कुळींतला. धातुपाठांत म्लेच्छ् धातूचा अर्थ अस्पष्ट बोलणें असाच दिलेला आहे. म्हणजे ग्रीक काय किंवा आपण काय, दुसऱ्याची भाषा आपल्याला येत नाहीं हा आपला उणेपणा दुसऱ्याच्याच माथीं मारून मोकळे झालों!

सभापर्वांतले बर्बर आणि मोरोक्कोंतले बर्बर एकच, असें मात्र कोणीं समजूं नये. नांव एक, माणसें निराळीं. सिंधुनदाच्या मुखाशीं असलेल्या एका बंदरासही ग्रीक व्यापारी बार्बारिकॉन म्हणत. म्हणून तेथील लोकांचा आफ्रिकेशीं संबंध जुळत नाहीं. उत्तर आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांस हें नांव परक्यांनीं दिलें आणि अरबांनीं तें पुढें चालविलें. इब्न खल्दून (१३३२–१४०६) ह्या थोर इतिहासकारानें एक जुनी कथा नमूद केली आहे. इफ्रीकिश नांवाचा एक येमेनी राजा ह्या प्रदेशांत आला, तेथील लोकांची भाषा त्यास उमजेना, आणि ह्यांची बडबड तरी केवढी असे त्यानें उद्गार काढले. अरबींत त्या बडबडीस ‘बर्बरा’ म्हणतात, तेंच नांव ह्या लोकांस चिकटलें. कथेंतला राजा कोणीं पाहिला आहे? पण नांव ठेवणारा परका होता, एवढें तिजवरून दिसतें.

हे लोक स्वतःस ‘अमाझिग’ म्हणवितात. त्याचें अनेकवचन ‘इमाझिगेन’. अर्थ सांगतात तो स्वतंत्र, कुलीन मनुष्य असा. त्यांच्या भाषेस, म्हणजे तामाझिग्तला, मोरोक्कोच्या राज्यघटनेंत २०११ सालीं आणि अल्जीरियाच्या घटनेंत २०१६ सालीं अरबीच्या जोडीला राजभाषेचें स्थान मिळालें. तिची तिफिनाग नांवाची जुनी लिपि नव्यानें घडवून मोरोक्कोनें ती २००३ सालीं स्वीकारली. तेव्हां ह्या लेखांत माणसांविषयीं बोलतांना मी अमाझिग म्हणेन. बर्बर हें नांव बाजारांत रूढ आहे म्हणून तें बाजारापुरतेंच ठेवितों.

मोरोक्को म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळवंट उभें राहतें. पण अमाझिगांचें पुष्कळसें वास्तव्य ॲटलास पर्वताच्या रांगांत आहे आणि तेथें हिवाळ्यांत चांगलें बर्फ पडतें. तेथील तूबकाल शिखराची उंची ४,१६७ मीटर; आपलें कळसूबाई १,६४६ मीटर आहे, ह्यावरून कल्पना यावी. मध्य ॲटलासांतील मेंढपाळ टोळ्या उन्हाळ्यांत कळप घेऊन वरच्या कुरणांत चढत आणि थंडी पडली कीं खालीं उतरत. अशा बिऱ्हाडांत गालिचा ही शोभेची वस्तु नव्हती. तीच गादी आणि तेंच पांघरूण. आपल्याकडे जाड लोंकरी कांबळ्यास बुरणूस म्हणतात, तो शब्द अरबी. मोरोक्कोंत ‘बुर्नूस’ म्हणजे डोक्यावरची टोपी जोडूनच शिवलेला लोंकरी झगा, आणि तो अमाझिग पुरुषाचा इतका ओळखीचा वेष आहे कीं इब्न खल्दूननेंही त्याचा उल्लेख केला आहे. गालिचा आपल्या घरीं आला नसला तरी त्या झग्याचें नांव पिढ्यान् पिढ्या आपल्या फडताळांत घडी होऊन पडलेलें आहे.

दुकानांत त्या मुलीनें पाहिला तो बहुधा बेनी वराइन जातीचा असावा. बेनी वराइन हा मध्य ॲटलासांतील अनेक टोळ्यांचा समूह. ह्यांची लोंकर उत्तम. ती न रंगवितां जशीच्या तशी वापरतात. पांढरें अंग पांढऱ्या मेंढीचें आणि काळ्या-तपकिरी रेघा काळ्या मेंढीच्या. इतका साधा हिशेब.

आतां विणण्याची रीत. लोंकर धुणें, पिंजणें, कांतणें आणि विणणें हीं खेड्यापाड्यांतील सर्व कामें स्त्रियांचीं. माग उभा असतो: वर एक आणि खालीं एक अशा दोन आडव्या लांकडी तुळया, आणि त्यांच्यामध्यें ताणलेला ताणा. विणणारी त्यासमोर जमिनीवर बसते, लोंकरीचा धागा ताण्याच्या दोन दोन तंतूंभोंवतीं गुंफून गांठ मारते, एक ओळ पुरी झाली कीं बाणा आडवा घालते आणि लोखंडी दातांच्या जड फणीनें तो ठोकून बसविते. मध्य ॲटलासांत गांठींच्या दोन ओळींमध्यें बाण्याचे पुष्कळ फेरे घालतात. म्हणून गांठी विरळ आणि केस लांब. इराणी गालिच्यांतील वेलबुट्टी ह्या पद्धतीनें निघावयाची नाहीं, आणि ती काढावी अशी येथें कोणाची इच्छाही नव्हती. थंडी अडली म्हणजे झालें.

समोर कागदावरचा नमुना नसतो. आईजवळ बसून मुलीनें जें पाहिलें तेंच तिचें शिक्षण. विणलेला भाग खालच्या तुळईवर गुंडाळला जातो. त्यामुळें काम अर्ध्यावर आलें कीं आरंभीं आपण काय काढलें तें विणणारीच्या डोळ्यांपुढें राहत नाहीं. शंकरपाळीं एका टोंकाला रुंद आणि दुसऱ्या टोंकाला चिंचोळीं कां होतात, मध्येंच रेघेची जाडी कां बदलते, ह्याचें बरेचसें उत्तर येथें आहे. कधीं काळी लोंकरच संपते आणि पुढच्या चार वीत जागेंत तपकिरी येते. मला स्वतःला हा गालिच्याचा दोष वाटत नाहीं. हातानें लिहिलेल्या पोथींत शेवटचीं पानें आलीं कीं अक्षर दाटतें, त्यांतलाच हा प्रकार आहे.

ह्या कामाविषयींच्या समजुती अभ्यासकांनीं टिपून ठेविल्या आहेत, त्या वाचण्यासारख्या आहेत. मोरोक्कोच्या पुष्कळ भागांत मागावरचें वस्त्र जिवंत मानतात. ताणा चढला कीं त्यांत जीव आला. विणतां विणतां तें वाढतें, प्रौढ होतें, आणि मागावरून कापून काढणें हा त्याचा मृत्यु. म्हणून कापण्याच्या वेळीं त्यावर पाणी शिंपडतात. मृतास स्नान घालावें तसें. आपल्यांत खंडेनवमीस हातोडी, करवत आणि वजनकाटा ह्यांस गंधफूल वाहणाऱ्यांस ह्याचें नवल वाटूं नये. मात्र एक भेद आहे. आपण हत्यार पूजितों. त्या स्त्रिया वस्तूला जन्म देतात आणि बाजाराच्या आदल्या दिवशीं तिला निरोप देतात. ती वस्तु कोणाच्या तरी दिवाणखान्यांत जाऊन ‘मृत’ म्हणून पडते, हें गिऱ्हाइकाच्या गांवींही नसतें.

रंगांचें थोडक्यांत सांगतों. दक्षिणेकडील गालिचे बेनी वराइनसारखे पांढरे नसतात. तांबडा रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून, निळा नीळ वापरून. डाळिंबाची साल आणि मेंदी ह्याही आपल्या ओळखीच्याच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर रासायनिक रंग पोंचले आणि स्वस्तपणामुळें खेड्यांत लवकर शिरले. सिरवा पर्वताभोंवतींच्या आयत वाउझगित लोकांत, ताझनाख्त गांवाच्या आसपास, पिवळ्या-नारिंगी रंगाचे सुरेख गालिचे होतात. त्यांच्या कांहीं जातींत एकाच तुकड्यांत गांठींची वीण आणि सपाट वीण शेजारीं शेजारीं असते. रबात शहराचा गालिचा ह्या सर्वांहून वेगळा, तुर्की वळणाचा, मधोमध पदक असलेला. एका करकोच्यानें पूर्वेकडून गालिच्याचा तुकडा चोंचींत आणून रबातच्या एका अंगणांत टाकला आणि तेथून ही कला सुरू झाली, असें तेथें सांगतात. कथा गोड आहे. शहराला आपली कला डोंगरांतून नव्हे तर दूरच्या थोर देशांतून आली असें दाखवावयाचें असतें, हेंही तींत दिसतें.

आकृत्यांच्या अर्थाविषयीं मात्र वाचकांनीं सावध असावें. दुकानदार प्रत्येक शंकरपाळ्यास एक अर्थ चिकटवितो: हा डोळा, दृष्ट लागूं नये म्हणून, ही स्त्री, हा सर्प, ह्या पांच रेघा म्हणजे हाताचा पंजा. कांहीं अभ्यासकही ह्या आकृतींचा संबंध थेट नवाश्मयुगाशीं जोडतात. दृष्टीची भीति आणि पांच बोटांचा तोडगा हे खरेच आहेत, ते त्या लोकांच्या दागिन्यांत व गोंदणांतही आढळतात. पण लोंकर झिजते, कुजते, तिला कसर लागते. खेड्यांतले जे जुने गालिचे आज हातीं आहेत ते बहुतेक एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतले. त्यांवरून हजारों वर्षें मागें उडी मारणें म्हणजे नातवाचें तोंड पाहून खापरपणजोबांची तसबीर काढणें होय. आपल्याकडे दारापुढें रांगोळी घालणाऱ्या आजीबाईंस ह्या रेघेचा अर्थ काय म्हणून विचारा. ‘आमच्यांत अशीच काढतात’ एवढेंच उत्तर मिळेल, आणि तें खोटें नसतें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत टोळ्या एका जागीं स्थिरावूं लागल्या, कळप कमी झाले, लोंकर महागली. तेव्हां बायकांनीं जुन्या कपड्यांच्या चिंध्या, उसवलेलीं लोंकरी वस्त्रें, हातीं येईल तें फाडून गालिचे विणले. ह्यांस ‘बूशरवीत’ म्हणतात. म्हणजे ती त्यांची गोधडीच, फक्त शिवलेली नव्हे, विणलेली. घरांतल्या गरजेपोटीं झालेल्या ह्या चिंध्यांच्या गालिच्यांस पुढें न्यूयॉर्कच्या कलादालनांत भिंतीवर जागा मिळाली. आपल्या गोधड्यांचेंही आतां तसेंच होऊं लागलें आहे.

बाजाराचा हात लागण्यास फ्रेंच अमदानींत आरंभ झाला. १९१२ सालीं मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखालीं गेला तो १९५६ पर्यंत. देशी कलांच्या खात्याचा अधिकारी प्रॉस्पेर रिकार ह्यानें अपार मेहनत घेऊन मोरोक्कोच्या गालिच्यांचा चार खंडांचा संग्रहग्रंथ १९२३ ते १९३४ ह्या काळांत प्रसिद्ध केला, आणि त्यापूर्वींच, १९१९ सालीं, अस्सल मालावर सरकारी शिक्का मारण्याची पद्धत सुरू झाली. ह्या उद्योगानें पुष्कळ नमुने वांचले ह्यांत शंका नाहीं. पण अस्सल काय आणि नक्कल काय हें ठरविण्याचा अधिकार मागावर बसलेल्या बाईकडून कचेरींत बसलेल्या साहेबाकडे गेला, हेंही तितकेंच खरें. ग्रंथांत वर्गवारी टोळ्यांची. माणसाचें नांव ठेवण्याची तेव्हां कोणास गरजच वाटली नाहीं.

त्याच सुमारास यूरोपांत व अमेरिकेंत नवे शिल्पज्ञ सपाट भिंती, कांच आणि सिमेंट ह्यांचीं घरें बांधूं लागले होते. अशा उघड्याबोडक्या खोल्यांत वेलबुट्टीचा इराणी गालिचा शोभेना. पांढऱ्यावर चार काळ्या रेघांचा हा जाडाभरडा गालिचा शोभला. पुढें चंदीगडची आंखणी करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएला हे गालिचे प्रिय होते. फ्रँक लॉइड राइट ह्यानें १९३० नंतरच्या दशकांत पेन्सिल्व्हेनियांत धबधब्यावर बांधलेल्या प्रसिद्ध घरांतही मोरोक्कोचे गालिचे पसरलेले आहेत. बर्फांत निजण्यासाठीं केलेली वस्तु अशा रीतीनें सुसंस्कृत अभिरुचीची खूण झाली.

मग सायीच्या रंगाचा, जमिनीस चिकटविलेला तो पहिला गालिचा कोठून आला? त्याचें गांव डाल्टन, जॉर्जिया. तेथें कॅथरीन इव्हान्स नांवाच्या पंधरा वर्षांच्या मुलीनें १८९५ सालीं सुईनें कापडांत सुताचे झुबके भरून एक पलंगपोस केला. १९०० सालीं तसाच एक अडीच डॉलरांस विकला. मागणी वाढली, शेजारणी कामास लागल्या, आणि घरोघर पलंगपोस होऊं लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेंच काम रुंद यंत्रें करूं लागलीं. शेंकडों सुया एकदम खालींवर होतात, अस्तरांत धागा खुपसतात, त्याचे फांस तयार होतात आणि मागून चिकट लेप देऊन ते पक्के करतात. गांठ नाहीं, ताणा नाहीं, बाणा नाहीं. अमेरिकेंतील गालिच्यांचा फार मोठा भाग आज ह्या एका परिसरांत निघतो. अशा मालांत न कापलेल्या फांसांचा, फिकट जमिनीवर गडद ठिपक्यांचा जो प्रकार आहे, त्यास व्यापाऱ्यांनीं ‘बर्बर’ हें नांव दिलें, कारण तो न रंगविलेल्या लोंकरीसारखा दिसतो. कांहीं लोंकरीचा होतोही. पण बहुतेक नायलॉनचा किंवा तसल्याच दुसऱ्या कृत्रिम धाग्याचा असतो. मोरोक्कोशीं त्याचा संबंध इतकाच. तरीही ह्या परंपरेच्या मुळाशींसुद्धां एका मुलीची सुई आहे, आणि तिचें नांव मात्र इतिहासांत राहिलें आहे.

हा माल वाईट असें मी म्हणत नाहीं. तो स्वस्त आहे, टिकतो, ठिपक्यांमुळें डाग दिसत नाहींत, लहान मुलांच्या घरांत उपयोगी पडतो. फक्त सुटलेला फांस कधीं ओढूं नये. एक ओढला कीं सबंध ओळ उसवत येते. कात्रीनें बाकीच्यांच्या बरोबरीनें कापावा. फिरत्या कुंचल्याचें धूळ ओढण्याचें यंत्र त्यावर चालवूं नये. आणि हातविणीचा गालिचा घेतांना उलटून पाठ पाहावी: गांठी आणि बाण्याचे फेरे पाठीवर दिसले पाहिजेत. पाठीला चिकटविलेलें कापड असेल तर तो मागावरचा नव्हे. शंका आल्यास दोन तंतु जाळून पाहावे. लोंकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. नायलॉन वितळून कठीण मणी होतो.

हातविणींतही सर्वच मोरोक्कोचें नसतें. बेनी वराइनच्या नमुन्याचे गालिचे आज आपल्या भदोहीकडेही विणले जातात आणि ‘मोरोक्कन’ नांवानें परदेशीं जातात. भदोहीचा विणकर कसबी आहे, त्यास काम मिळतें ह्याचा आनंदच आहे. पण त्याचेंही नांव त्या मालावर नसतें. एकाचें नांव, दुसऱ्याचे हात, आणि नफा तिसऱ्याचा!

मोरोक्कोंतही स्थिति फार निराळी नव्हती. मराकेशच्या गालिच्यांच्या चौकांत संध्याकाळीं लिलाव होत. १९१२ पूर्वीं तेथेंच गुलामांचा लिलाव होई. खेड्यांतली स्त्री बाजारांत फारशी येत नसे. गालिचा नवरा किंवा मध्यस्थ विकी, आणि तो गांवाहून शहरांत, शहरांतून परदेशांत जातां जातां किंमतीचा फारच थोडा अंश तिच्या हातीं पडे. त्यांत ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीं उच्च ॲटलासांत ६.८ प्रतीचा भूकंप झाला, २,९०० हून अधिक माणसें गेलीं, आणि ज्या मातीच्या घरांत हे माग उभे असतात तशीं घरें गांवेंच्या गांवें कोसळलीं.

गेल्या कांहीं वर्षांत ठिकठिकाणीं विणकर स्त्रियांच्या सहकारी संस्था निघाल्या आहेत. ‘अनू’ नांवाची एक संस्था कारागिरांनींच चालविलेली आहे. त्यांच्या भाषेंत अनू म्हणजे विहीर. लिहितांवाचतां न येणारी स्त्रीही चित्रांच्या खुणांवरून आपल्या गालिच्याचें छायाचित्र हातांतल्या दूरध्वनियंत्रानें आंतरजालावर चढवूं शकेल, अशी तेथें सोय केलेली आहे. किंमत ती स्वतः ठरविते. गालिच्याबरोबर तो कोणीं विणला हेंही सांगितलेलें असतें. अमेरिकेंतलें गिऱ्हाईक तें नांव वाचतांना बहुधा अडखळतच असेल.